हाडाचा डॉक्टर



एखाद्या माणसाची आपल्या कामावरील निष्ठा सांगावयाची असली म्हणजे मराठीत आपण त्याला हाडाचा शिक्षक किंवा हाडाचा शेतकरी म्हणतो. हा गुण त्याच्या वरवरच्या कातडीचा नव्हे, पार आतपर्यंत पोचलेला आहे, असे आपणांस सुचवावयाचे असते. ‘हाडाचा डॉक्टर’ या शब्दांचा अर्थ मात्र आपल्याकडे निराळाच होतो. पाय मोडला की ज्याच्याकडे धावावयाचे तो हाडाचा डॉक्टर! या दुसऱ्या अर्थाचा डॉक्टर कसा तयार होतो, त्याला कोणत्या चाळणीतून जावे लागते आणि कोणती उमेदवारी करावी लागते, हे आज मला सांगावयाचे आहे. तो पहिल्या अर्थानेही हाडाचा निघावा यासाठी ही चाळणी आणि ही उमेदवारी कितपत उपयोगी पडते, हा प्रश्नही त्यातच येतो.

हा विषय मला सुचला तो झाशीत. तेथे माझी एक मावसबहीण राहते. झाशीला मराठी कुटुंबे कशी, असे कोणी विचारील असे वाटत नाही. रत्नागिरीकडचे नेवाळकर तेथे सुभेदार झाले, त्यांच्यामागून भट, भिक्षुक, कारकून, शिलेदार अशी कितीतरी घराणी बुंदेलखंडात आली, आणि वरसईचे विष्णुभट गोडसे तर १८५८ साली इंग्रजांच्या वेढ्यातच तेथे सापडले. त्या काळाच्या खुणा सांगणारी काही घरे आजही आहेत. त्यांच्या मराठीला बुंदेली वळण लागले आहे, पण संक्रांतीचा तिळगूळ आणि गणपती सुटलेला नाही. ज्या गणेशमंदिरात १८४२ साली राणी लक्ष्मीबाईंचे लग्न लागले, तेथे माझी बहीण अजूनही चतुर्थीला जाते.

तिची नात यंदा डॉक्टर झाली. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यावर रुग्णालयातील एक वर्षाची सक्तीची उमेदवारी, आणि त्यानंतर पदव्युत्तर शिक्षणाची अखिल भारतीय प्रवेशपरीक्षा, एवढे सारे पार पाडून ती संगणकासमोर बसली होती. परीक्षेतील क्रमांक हाती आला होता. आता कोणत्या महाविद्यालयात कोणता विषय हवा, याची पसंतीक्रमाने यादी भरावयाची होती. “आजोबा, पहिल्या ओळीत काय लिहू?” असे तिने मला विचारले. तिच्या मनात होती अस्थिशल्यचिकित्सा. आजीचे म्हणणे होते की पोरीच्या जातीने हातोडा, करवत घेऊन काय करावयाचे; डोळ्यांची नाही तर कातडीची डॉक्टर हो. आणि आई म्हणाली, “मामा, तुम्हीच सांगा तिला. तुमचं ऐकेल.” मी या शाखेत सारे आयुष्य घालविलेला मनुष्य. माझे मत एका वाक्यात सांगता आले असते. पण तसे सांगणे बरे वाटले नाही. त्याऐवजी आम्ही दोन संध्याकाळी बोलत बसलो. त्या बोलण्यातले पुष्कळसे आज मी आपणांपुढे ठेवीत आहे.

प्रथम या शास्त्राच्या नावाविषयी. इंग्रजीत याला ऑर्थोपेडिक्स म्हणतात. हा शब्द १७४१ साली निकोलस आंद्री नावाच्या फ्रेंच वैद्याने दोन ग्रीक शब्दांपासून बनविला. एकाचा अर्थ सरळ, दुसऱ्याचा अर्थ मूल. म्हणजे मुलांची वाकडी हाडे सरळ करण्याची विद्या. त्याच्या ग्रंथात एक चित्र आहे. वाकडे वाढणारे कोवळे झाड खुंटाला दोरीने बांधून ठेवलेले आहे. हेच चित्र आज जगभर या शास्त्राचे बोधचिन्ह झाले आहे. आपल्याकडे सुश्रुताने त्यापूर्वी कितीतरी शतके भग्नांचे प्रकार मोजून ठेवले होते. सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा. झाडांच्या सालींच्या पट्ट्या बांधून अवयव स्थिर करावा आणि रोग्याला फळीवर निजवावे, हेही त्याने सांगितले आहे. परंतु पुढे हे ज्ञान ग्रंथात राहिले आणि हाडे बसविण्याचे काम गावोगावच्या हाडवैद्यांकडे, उत्तरेत पहिलवानांकडे गेले. त्यात हसण्यासारखे काही नाही. इंग्लंडातही तसेच होते. आधुनिक अस्थिशल्याचा एक जनक म्हणून ज्याचे नाव घेतात तो ह्यू ओवेन टॉमस हाडवैद्यांच्याच घराण्यातला. त्याच्या बापाला शहाणपण सुचले आणि त्याने मुलांना रीतसर वैद्यकी शिकविली. टॉमसने मांडीचे हाड मोडल्यावर लावावयाची जी लोखंडी चौकट बनविली, तिने पहिल्या महायुद्धात असंख्य सैनिकांचे प्राण वाचविले. त्या चौकटीचा प्रसार करणारा रॉबर्ट जोन्स हा त्याच्या पत्नीकडील भाचा. पुढे लिव्हरपूलला या विषयाची स्वतंत्र पदवी सुरू झाली आणि आपल्याकडील कित्येक पहिले अस्थितज्ज्ञ ती घेण्यासाठी बोटीने तिकडे गेले.

भारतात हा विषय सामान्य शल्यचिकित्सेच्या पोटातून हळूहळू वेगळा झाला. १९५५ साली अस्थिशल्यचिकित्सकांची भारतीय संघटना उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष लखनौचे डॉ. बी. एन. सिन्हा होते आणि ती उभारणाऱ्यांत मुंबईचे डॉ. तळवलकर होते. जयपूरच्या डॉ. प्रमोद करण सेठी यांची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. ते मूळचे सामान्य शल्यचिकित्सक, अस्थिविभाग त्यांच्याकडे पुढे आला. पाय गेलेली खेड्यातली माणसे विलायती पद्धतीचा कृत्रिम पाय घरी नेऊन कोपऱ्यात टाकून देतात, कारण तो घालून मांडी घालता येत नाही, उकिडवे बसता येत नाही, चिखलात उतरता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. रामचंद्र शर्मा या कारागिराच्या साहाय्याने त्यांनी रबराचा जयपूर पाय तयार केला. १९८१ साली सेठींना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. रामचंद्र शर्मा यांचे शालेय शिक्षण फार झालेले नव्हते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे परीक्षेचा विषय निघणार आहे.

झाशीचे महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय १९६८ साली सुरू झाले. अस्थिशल्य शिकावयाचे झाल्यास या गावाचे एक दुर्दैवी वैशिष्ट्य आहे. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा आणि पोरबंदरहून सिलचरला जाणारा, असे देशाचे दोन सर्वांत लांब महामार्ग झाशीजवळ एकमेकांना छेदतात. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसे मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. या जखमींतील फार मोठा भाग शेवटी हाडाच्या डॉक्टराच्या दारी येतो. शिवाय ललितपूर, जालौन, महोबा इकडची आणि दतिया, टीकमगड, शिवपुरी ही राज्याच्या सीमेपलीकडची माणसेही झाशीलाच येतात. रोग्याला सीमा ठाऊक नसते. महोब्याकडच्या दगडाच्या खाणींत चिरडलेली बोटे, कड्याकपारीतून घसरलेले गुराखी, झाडावरून पडलेली मुले, घरातच पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेल्या म्हाताऱ्या, आणि कण्याच्या क्षयाने पाय लुळे पडलेले तरुण, असे सारे एका विभागात पाहावयास मिळते. मोठ्या शहरातील खाजगी रुग्णालयात विद्यार्थ्याला गुडघे बदलण्याच्या शस्त्रक्रिया अधिक दिसतील. पण तेथे त्याच्या हाताला काम किती मिळेल, हे सांगता येत नाही.

आता चाळणीविषयी. आमच्या वेळी ज्या महाविद्यालयात शिकलो, तेथेच त्या त्या विषयातील गुण पाहून सहा-सहा महिन्यांच्या जागा मिळत. प्राध्यापकाची मर्जी मुळीच आड येत नसे, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. एका प्रांताचा विद्यार्थी दुसऱ्या प्रांतात सहसा जाऊ शकत नसे. १९८४ साली प्रदीप जैन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही दारे उघडली. शासकीय महाविद्यालयांतील काही जागा साऱ्या देशातील विद्यार्थ्यांसाठी खुल्या झाल्या. पदव्युत्तर जागांपैकी हा वाटा प्रथम एक चतुर्थांश होता, २००३ साली तो अर्धा झाला. २०१७ च्या प्रवेशापासून अनेक परीक्षांच्या जागी एकच राष्ट्रीय परीक्षा आली. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि तिच्यासारख्या काही संस्था आपली निराळी परीक्षा वर्षातून दोनदा घेतात. आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाही निर्णय दिला की पदव्युत्तर वैद्यकीय जागा केवळ त्या राज्याचा रहिवासी म्हणून राखून ठेवणे घटनेला धरून नाही. झाशीच्या मुलीने नागपुरास जावे आणि नागपूरच्या मुलाने झाशीस यावे, हे आज कागदावर तरी पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

परीक्षेचे रूप असे : दोनशे प्रश्न, साडेतीन तास, प्रत्येक प्रश्नाची चार उत्तरे छापलेली, त्यांतील एक निवडावयाचे. उत्तर बरोबर आल्यास चार गुण, चुकल्यास एक गुण वजा. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी एक मिनिट आणि तीन सेकंद. अलीकडे तर चाळीस-चाळीस प्रश्नांचे पाच भाग पाडले आहेत आणि एका भागाची वेळ संपली की मागे वळून पाहावयास मिळत नाही. परीक्षेला दोन लाखांहून अधिक मुले बसतात. शरीरशास्त्रापासून न्यायवैद्यकापर्यंत सारे विषय त्यात असतात आणि अस्थिशल्याचे प्रश्न अगदी थोडे. म्हणजे ज्याला हाडांचा डॉक्टर व्हावयाचे आहे, त्याची निवड बहुतांशी औषधे, जंतू, गर्भिणी आणि कायदा यांच्या ज्ञानावर होते. मला या पद्धतीचा राग नाही. दोन लाख मुलांना न्याय द्यावयाचा तर यंत्राने मोजता येईल असेच काही मोजावे लागते, आणि यंत्र मामाभाचे पाहत नाही, हा गुण लहान नव्हे. पण यंत्राला हात दिसत नाहीत. रात्री तीन वाजता रोगी कण्हत असता त्याच्याजवळ जाऊन बसण्याची बुद्धी कोणाला होईल, हेही त्याला दिसत नाही. रामचंद्र शर्मा या परीक्षेस बसले असते तर त्यांचा क्रमांक लागला नसता.

म्हणून मी त्या मुलीला सांगितले की क्रमांकाने तुला फक्त दाराशी आणले आहे. यादी भरताना लोक गेल्या वर्षी अमुक क्रमांकाला काय मिळाले ते पाहतात आणि त्याप्रमाणे आपली आवड बेततात. हे उलटे आहे. यादीत आपल्याला जे खरोखर हवे तेच वर लिहावे. वरचे मिळाले नाही तर खालचे आपोआप मिळते, वर लिहिण्याने काही नुकसान होत नाही. फेऱ्या तीनचार होतात. पहिल्या फेरीत मिळालेली जागा न घेता दूर राहण्याची मुभा असते, पुढे ती आवळत जाते आणि अनामत रक्कम बुडण्याची वेळ येते. हे नियम दरवर्षी थोडेफार हलतात म्हणून त्या त्या वर्षीचे पत्रक स्वतः वाचावे, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नये. आणखी एक गोष्ट पुष्कळजण विसरतात. पदवी पदरात पडल्यावर काही काळ सरकारी सेवा करण्याचे बंधन अनेक राज्यांत असते आणि ते मोडल्यास मोठा दंड भरावा लागतो. ही अट मला स्वतःला अन्यायाची वाटत नाही. पण ती सही करण्यापूर्वी वाचलेली बरी.

आता खऱ्या उमेदवारीकडे वळू. शल्यविशारद पदवीचा हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. या काळात विद्यार्थ्याला निवासी डॉक्टर म्हणतात, कारण त्याने रुग्णालयाच्या आवारातच राहावयाचे असते. ही प्रथा अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९ नंतर विल्यम हालस्टेड या शल्यचिकित्सकाने रुजविली. शिष्याने रात्रंदिवस रुग्णालयात राहावे, पायरीपायरीने जबाबदारी घ्यावी आणि शेवटी गुरूएवढे व्हावे, ही त्याची कल्पना. थोडी आपल्या गुरुकुलासारखीच. हालस्टेड कोकेनच्या आणि पुढे मॉर्फीनच्या आहारी गेलेला होता, ही गोष्ट या प्रथेचे गोडवे गाणारे सहसा सांगत नाहीत.

पहिल्या वर्षी विद्यार्थी काय करतो? रक्ताच्या बाटल्या आणतो, क्ष-किरण चित्रांच्या मागे धावतो, जखमा धुतो, पट्ट्या बदलतो, आणि प्लास्टर घालतो. हे प्लास्टर म्हणजे भाजलेल्या जिप्समची पूड चोपडलेली जाळीदार पट्टी. पाण्यात बुडवावयाची, बुडबुडे थांबले की काढावयाची, हलके पिळावयाची आणि गुंडाळावयाची. ती घट्ट होताना तापते. रोग्याला आतून ऊब जाणवते आणि मुले घाबरतात. गुंडाळताना बोटांची टोके रुतू द्यावयाची नाहीत, तळहाताने आकार द्यावयाचा. मातीचे मडके घडविणाऱ्या कुंभाराची जी नजर, तीच येथे हवी. जन्मतः वाकड्या पावलाची मुले आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी येतात. पोन्सेटी नावाच्या डॉक्टरने घालून दिलेल्या रीतीने दर आठवड्याला पाऊल थोडे थोडे सरळ करून नवे प्लास्टर घालतात. पाचसहा प्लास्टरांत पाऊल वळते. शेवटी बहुधा टाचेची शीर एका लहानशा छेदाने मोकळी करावयाची, आणि पुढे काही वर्षे झोपताना पट्टीचे बूट. मोठी शस्त्रक्रिया लागत नाही. आंद्रीच्या त्या दोरी बांधलेल्या झाडाचे इतके हुबेहूब उदाहरण दुसरे नाही. पण यात सोळा आणे यश आईवर अवलंबून असते. तिने बूट घालणे सोडले की पाऊल पुन्हा वळते. तेव्हा डॉक्टराला हाडांइतकेच त्या आईशी, तिच्या बोलीत, बोलता आले पाहिजे.

महामार्गावरचा अपघात आला म्हणजे मात्र हाडाकडे शेवटी पाहावयाचे असते, हे पहिल्या वर्षाचे अवघड शिक्षण. आधी श्वासाची वाट, मग श्वास, मग रक्तस्राव. मांडीचे हाड मोडले आणि कातडीला ओरखडाही नसला तरी आत एक-दीड लिटर रक्त साठू शकते. रोगी शांत पडून आहे म्हणून तो बरा आहे, असे समजणारा नवखा डॉक्टर तेथेच फसतो. हाड कातडी फाडून बाहेर आले असेल तर जंतुनाशक औषध जितके लवकर तितके चांगले, मग भरपूर धुणे, मग बाहेरून सळ्यांची चौकट. दुसऱ्या वर्षी विद्यार्थी शस्त्रक्रियेत साहाय्य करतो. क्ष-किरणांपासून बचावासाठी शिशाचा जड अंगरखा घालून तासन्तास उभा राहतो. तिसऱ्या वर्षी गुरू समोर उभा राहतो आणि हत्यार शिष्याच्या हाती देतो. मधल्या काळात एक प्रबंध लिहावयाचा, आणि २०२१ च्या तुकडीपासून तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावयाचे. शेवटच्या परीक्षेत परीक्षकांपुढे खरे रोगी असतात. एक मोठा, काही लहान. शिवाय टेबलावर हाडे, हत्यारे, क्ष-किरण चित्रे मांडलेली. तेथे चार छापील उत्तरे नसतात.

शस्त्रक्रिया करण्याइतकेच ती न करणे शिकावे लागते. कण्याच्या क्षयाचेच उदाहरण घ्या. एकेकाळी अशा प्रत्येक रोग्याची छाती उघडून कीड साफ करावी असे मानणारे होते, आणि वर्षभर खाटेवर निजवून ठेवणारेही होते. वाराणसीच्या डॉ. तुली यांनी मधला मार्ग घालून दिला. औषधे द्यावयाची, विश्रांती द्यावयाची, रोग्याच्या पायांतील शक्ती वारंवार तपासावयाची, आणि जेथे सुधारणा होत नाही तेथेच शस्त्र हाती घ्यावयाचे. १९७५ साली त्यांनी त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि ते जगाने मान्य केले. बुंदेलखंडातील एखाद्या तरुणाची लुळी पावले केवळ औषधांवर हलू लागलेली पाहणे, हा आनंद शस्त्रक्रियेच्या आनंदाहून कमी नसतो.

येथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या मुलीलाही ती सांगितली. पन्नास वर्षे होत आली. एका मोठ्या शहरातील रुग्णालयात मी पहिल्या वर्षाचा निवासी होतो. सहा-सात वर्षांचा एक मुलगा कोपराच्या वर हाड मोडून आला. छत्तीस तास मी झोपलो नव्हतो. हाड बसविले, चित्र पाहिले, ठीक दिसले, आणि कोपर दुमडून सबंध प्लास्टर घातले. रात्री त्याची आई दोनदा आली. पोरगे रडते आहे म्हणाली. मी म्हणालो, “बाई, हाड मोडलं आहे, दुखणारच.” तिसऱ्यांदा ती माझ्याकडे आली नाही, परिचारिकेकडे गेली. परिचारिकेने त्याचे मधले बोट हलकेच ताठ केले मात्र, आणि पोराने किंकाळी फोडली. ती मला अक्षरशः ओढून घेऊन गेली. तेवढ्या एका खुणेने सर्व कळावयास हवे होते. सुजलेल्या स्नायूंना प्लास्टरने कोंडले होते आणि त्यांचे रक्त तुटत चालले होते. फोल्कमान या जर्मन शल्यचिकित्सकाने हे १८८१ सालीच लिहून ठेवले आहे, आणि मला ते पाठ होते! प्लास्टर उभे चिरले, हात सरळ केला, गुरुजींना उठविले, त्यांनी त्याच रात्री स्नायूंवरची आवरणे उघडली. हात वाचला. दोन बोटे मात्र पुढे पुरती सरळ झाली नाहीत. तो मुलगा मोठा होईपर्यंत दरवर्षी तपासणीस येत असे आणि आल्याबरोबर मला तो हात दाखवीत असे. त्याच्या आईने मला कधी बोल लावला नाही.

त्या रात्रीचे उत्तर मी परीक्षेत बरोबर लिहिले असते. चूक झाली ती न ऐकल्यामुळे आणि न झोपल्यामुळे. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत असे लिहिले आहे की डॉक्टराचे सलग काम सामान्यतः दिवसाला १२ तासांहून आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक असू नये. २०२३ च्या नियमांतही वाजवी विश्रांतीचा शब्द आहे. रुग्णालयाच्या आवारात राहिलेल्या कोणाही डॉक्टराला विचारा, हे आकडे ऐकून तो हसेल. आम्ही सोसले म्हणून तुम्हीही सोसा, असे म्हणणारे माझ्या पिढीत पुष्कळ आहेत. हाडाची काडे केल्याशिवाय विद्या येत नाही, असा त्यांचा सिद्धान्त. मला तो पटत नाही. कारण त्या रात्री काडे झाली ती माझ्या हाडांची नव्हे.

राहिला आजीचा हातोडा. हातोडा, करवत, छिन्नी, गिरमिट ही सारी आमच्या टेबलावर असतात खरी आणि बाहेरचा मनुष्य आत आला तर त्याला सुताराच्या दुकानात आल्यासारखे वाटेल. पण सांधा शक्तीने बसत नाही. निखळलेला खांदा बसविण्याची एक रीत अशी आहे की रोग्याला पालथे निजवावयाचे, हात खाटेखाली लोंबू द्यावयाचा, मनगटाला थोडे वजन बांधावयाचे आणि वाट पाहावयाची. स्नायू थकले, सैल पडले की सांधा पुष्कळदा आपला आपण जागेवर जातो. दोन पहिलवानांनी ओढून जे होत नाही ते तेथे पंधरा-वीस मिनिटांच्या धीराने होते. जेथे ओढावे लागते तेथेही टॉमसची चौकट आणि वजने-कप्प्या आहेतच. अमेरिकेतील अस्थिशल्य अकादमीने १९३७ साली रूथ जॅक्सन यांना पहिली स्त्री-सभासद म्हणून घेतले. त्याला आता कितीतरी वर्षे लोटली. आपल्याकडे या शाखेत स्त्रिया अजूनही फार थोड्या आहेत, आणि त्याचे कारण मनगट नव्हे. रात्री झोपावयास खोली एकच, ती पुरुषांची. विभागातील थट्टा पुरुषांची. आणि गर्भारपणात क्ष-किरणांच्या खोलीतून तात्पुरते दूर राहावयाचे म्हटले की कपाळाला आठ्या. हे मी त्या मुलीपासून लपविले नाही. गरज आहे ती मात्र सांगितली. खुबा मोडलेली खेड्यातली म्हातारी पुरुष डॉक्टरासमोर लुगडे सारावयास तयार होत नाही, आणि तिचा मुलगा तिला परत घरी घेऊन जातो. हे मी स्वतः पाहिले आहे. घरी नेलेल्या अशा बाया फार दिवस काढीत नाहीत.

दुसऱ्या संध्याकाळी मी तिला म्हटले, “तू उमेदवारीत अस्थिविभागात किती दिवस होतीस?” ती म्हणाली, “दोन आठवडे, आजोबा.” दोन आठवड्यांवर जन्माची यादी! तेव्हा आम्ही असे ठरविले की तिने ओळखीच्या एका वरिष्ठ डॉक्टराची परवानगी काढून सलग तीन रात्री प्लास्टरच्या खोलीत जाऊन बसावे, काही करू नये, नुसते पाहावे. ती गेली. पहिल्या रात्रीनंतर तिचा फोन आला तो एका प्रश्नासाठी. प्लास्टर कापण्याची ती फिरती करवत कातडी का कापीत नाही? मी सांगितले की ती फिरत नाही, नुसती थरथरते. कठीण ते कापते आणि मऊ ते तिच्याबरोबर हलते. दुसऱ्या रात्रीनंतर फोन आला नाही. तिसऱ्या रात्री म्हणे ललितपूरकडचा ट्रॅक्टर उलटला होता आणि नुसते पाहत बसणे कोणालाच शक्य झाले नाही.

यादी पाठविण्याची मुदत अजून चार दिवस आहे. पहिल्या ओळीत अस्थिशल्य, झाशी असे आहे. दुसऱ्या ओळीत अस्थिशल्य, नागपूर. नेत्रचिकित्सा सातव्या ओळीत गेली आहे, हे आजीला अद्याप सांगितलेले नाही. पहिल्या दोन ओळींची अदलाबदल मात्र रोज रात्री होते आणि सकाळी परत होते, असे तिच्या आईने कालच मला कळविले.